‘टोकाचं हवामान’ हा ओपन इलेक्टिव्ह घ्यावा का? महाडच्या एका बी.कॉम.वालीचा अभिप्राय

नवं शैक्षणिक धोरण आल्यापासून आम्हा कॉमर्सवाल्यांनाही दुसऱ्या शाखेचा ओपन इलेक्टिव्ह घ्यावा लागतो. आमच्या कॉलेजच्या यादीत हवामान आणि टोकाच्या घटना असा एक विषय होता. दोन क्रेडिट, तीस तास, पन्नास मार्क, आणि बारावीला विज्ञान असण्याची अट नाही. वर्गातल्या बऱ्याच जणांनी मार्क सहज पडतील असं वाटणारे विषय घेतले. आमचं बाजारपेठेत भांड्यांचं दुकान आहे. जुलै उजाडला की घरातले सगळे सावित्री नदीकडे कान लावून बसतात, त्यामुळे मी दुसरं काही बघितलंच नाही. आता ज्युनिअर मुलं-मुली विचारतायत म्हणून सविस्तर लिहिते. विषय जरूर घ्या. पहिले वीस तास फार चांगले आहेत, शेवटचे दहा तितके नाहीत.

शिकवायला भूगोलाचे सर होते. त्यांनी सुरुवात व्याख्यांनी केली नाही, पावसाच्या तक्त्याने केली. महाबळेश्वर, २३ जुलै २०२१, ५९४ मिलिमीटर. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. म्हणजे २३ तारखेपुढे लिहिलेला पाऊस हा २२ च्या सकाळी साडेआठपासून २३ च्या साडेआठपर्यंत पडलेला. महाडमध्ये २२ जुलैला पूर आला, ते इथे कुणाला सांगायला नको. सावित्रीचा उगम महाबळेश्वरचा. वर पडलेलं पाणी घाट उतरून आपल्याकडे येतं, हे लहानपणापासून ऐकलेलं असतं. तक्त्यातली तारीख आणि वेळ नीट वाचली की ते ऐकीव राहत नाही, हिशेबात बसतं.

मग त्या आकड्याचा हिशेब. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एक हेक्टरवर एक मिलिमीटर म्हणजे दहा हजार लिटर, उन्हाळ्यात गावात येणारा एक मोठा टँकर. म्हणजे त्या चोवीस तासांत वर डोंगरावर प्रत्येक हेक्टरमागे ५९४ टँकर ओतले गेले. हे गणित पाचवीच्या मुलालाही जमेल, पण मला ते तोवर कुणी घालून दिलं नव्हतं. बातमीत ‘अतिवृष्टी’ वाचणं वेगळं आणि स्वतःच्या हाताने टँकर मोजणं वेगळं. या विषयाची खरी ताकद इथे आहे. सूत्रं नाहीत, रसायनशास्त्र नाही, फक्त आकडा समोर ठेवून तो काय सांगतो ते विचारायचं. ताळेबंद वाचणाऱ्यांना हे आवडेलच.

पुराचं दुसरं अर्ध कारण भरतीचं. २०२१ ची आषाढी पौर्णिमा २४ जुलैला होती, म्हणजे पूर आला ते दिवस उधाणाचे, मोठ्या भरतीचे. बाणकोटच्या खाडीतून भरतीचं पाणी आत चढतं तेव्हा नदीला समुद्राकडे उतरायला वाव राहत नाही, आणि पाणी शहरात तुंबतं. सरांनी भरती-ओहोटीचं कोष्टक आणि पावसाचा तक्ता शेजारी शेजारी लावायला दिले. ही सवय मला लागली ती कायमची.

इशाऱ्यांच्या रंगांवरचा तास चुकवू नका. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार पाऊस धरतात, ११५.६ पासून अति जोरदार आणि २०४.५ पासून अत्यंत जोरदार. एवढं पाठ करून भागत नाही, कारण पिवळा, नारिंगी किंवा लाल रंग ठरवताना घटना घडायची शक्यता किती आणि घडलीच तर परिणाम किती, अशा दोन्ही गोष्टी बघतात. नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. आपल्याकडे लाल इशारा आला आणि आपल्या गल्लीत पाऊस झाला नाही की लोक लगेच खात्याला नावं ठेवतात. त्यावर सरांनी २६ जुलै २००५ ची मुंबई दाखवली. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर आणि त्याच चोवीस तासांत कुलाब्याला ७३. एकाच शहरातली दोन केंद्रं! आकडे बघितल्यावर जिल्हाभराच्या इशाऱ्याकडून काय अपेक्षा करायची हे नीट उमगतं.

आता सगळ्यात मोलाचा भाग, ज्यासाठी मी हा विषय कॉमर्सच्या प्रत्येकाला घ्यायला लावीन. ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ असं आपण ऐकतो आणि समजतो की एकदा येऊन गेला, आता आपल्या हयातीत सुटलो. तसं नसतं. त्याचा अर्थ इतकाच की दर वर्षी असा पूर यायची शक्यता एक टक्का असते, आणि तो कालच आला असला तरी पुढच्या वर्षी ती तेवढीच राहते. मग सरांनी विचारलं, तुम्ही वीस वर्षांच्या कर्जावर गाळा घेतलात, तर कर्ज फिटेपर्यंत असा पूर निदान एकदा बघायची शक्यता किती? ०.९९ चा विसावा घात काढायचा आणि एकातून वजा करायचा. उत्तर येतं सुमारे १८ टक्के. चक्रवाढ व्याज शिकलेल्या मुलांना हे गणित नवं नाही, आणि तरी बाजारपेठेत जागा घेताना ते कुणी मांडताना मी पाहिलेलं नाही. शिवाय हा एक टक्का जुन्या नोंदींवरून काढलेला असतो. हवामानच बदलत असेल तर तोही जुना झाला.

तिथून हवामान बदलाकडे वळण घेतलं ते मला पटलं, कारण हिमनग आणि ध्रुवीय अस्वलांपासून सुरुवात झाली नाही. आजचं ऊन-पाऊस वेगळं आणि तीस वर्षांच्या नोंदींची सरासरी वेगळी, म्हणून एका पुराकडे बोट दाखवून ‘हा बदलामुळेच’ म्हणता येत नाही. असे प्रसंग किती वेळा आणि किती जोराने येतात, ते मात्र मोजता येतं. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भागावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि त्याच पट्ट्यातला मोसमी पाऊस एकूणात कमी होत होता. एकाच प्रदेशात पाणीटंचाईचे टँकरही आणि पूरही, हे कसं होतं, त्याचा उलगडा मला या तासाला झाला.

उष्णतेच्या लाटेवर दोन तास होते आणि ते चांगले झाले. मैदानी भागात किमान ४० अंशांची अट, किनाऱ्यावर ३७ ची, आणि दोन्हीकडे नेहमीच्या तापमानापेक्षा निदान साडेचार अंश जास्त. किनाऱ्यासाठी अट खाली का, तर दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीर थंड व्हायची वाटच बंद होते. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानातल्या कार्यक्रमात १४ जण उष्माघाताने गेले. पारा तेव्हा चाळिशीच्या आत होता. विदर्भातले लोक ४५ अंश काढतात मग कोकणात ३८ ला काय होतंय, असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने हा भाग ऐकायला हवा.

चक्रीवादळं आटोपशीर शिकवली. ३ जून २०२० चं निसर्ग आपल्या जिल्ह्यातूनच गेलं असल्याने कुणाला वेगळं समजवावं लागलं नाही.

कमी काय पडलं तेही सांगायला हवं. शेवटच्या दहा तासांत इंग्रजी स्लाइड लागल्या आणि आम्ही अमेरिकेतल्या टॉर्नेडोंच्या प्रतवाऱ्या शिकत बसलो. माहिती चुकीची नव्हती, पण वेळ कुठे खर्च करायचा याचा विचार हवा होता. दरडींना जेमतेम अर्धा तास मिळाला. आपल्या तालुक्यात हे होऊ नये. २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते, आणि २२ जुलै २०२१ ला तळिये. मातीत पाणी मुरत जाऊन तिची पकड कशी सुटते, डोंगरउतारावर नव्या भेगा पडणं, झाडं-खांब कलणं, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं ही लक्षणं कशी ओळखायची, यावर पूर्ण दिवस द्यावा आणि तो डोंगरातल्या एखाद्या वाडीवर जाऊन द्यावा. आमच्या वर्गात त्या बाजूच्या गावांतून एसटीने येणारी मुलं आहेत.

दुसरी मोठी उणीव विम्याची. कॉमर्सच्या मुलांसमोर हा विषय ठेवताय तर आगविम्याच्या पॉलिसीत वादळ आणि पुराचं कलम असतं, ते कुठे वाचायचं, पंचनाम्यासाठी मालाची कोणती कागदपत्रं लागतात, हे शिकवायलाच हवं. आम्ही घरी हे सगळं चिखल काढता काढता शिकलो. विम्यावर एक तास ठेवावा म्हणून मी सरांना लेखी दिलंय आणि त्यांनी ते विषय समितीकडे पाठवलंय.

परीक्षेत तीस मार्कांचे बहुपर्यायी प्रश्न, ते ठीकठाक, बरेचसे पाठांतराचे. उरलेले वीस मार्क प्रकल्पाला, आणि तिथे मात्र मन लावा. मी आमच्या गल्लीतल्या दुकानांच्या भिंतींवरच्या पाण्याच्या रेषा मोजल्या, २००५ च्या आणि २०२१ च्या. शेजारचे काका-काकू स्वतःहून टेप धरायला आले. मग कुठल्या उंचीवर कुठला माल, याची यादी केली. पितळी आणि स्टीलची भांडी खाली चालतात, धुऊन विकता येतात. मिक्सर, कुकरची खोकी, बिलबुकं आणि कॉम्प्युटर रेषेच्या वर. बाबांनी यादी वाचली, दोन ठिकाणी दुरुस्ती केली, आणि जूनच्या आधी सुताराला बोलावून माळा वाढवून घेतला.

नोट्स मराठीत आहेत, झेरॉक्सवर मिळतात. शनिवारची बॅच घ्या, त्या दिवशी सर घाई करत नाहीत. कॅल्क्युलेटर रोज लागतो. आणि प्रकल्पासाठी जागा पावसाआधीच ठरवून ठेवा, कारण दरवर्षी काही रेषा रंगसफेदीत पुसल्या जातात.