उमरेड रोडवरचं आकाशदर्शन: दुर्बीण एक नंबर, पण ती दोन नावं बदला

उमरेड रोडच्या शेतातल्या आकाशदर्शनाबद्दल ग्रुपवर बऱ्याच जणींनी विचारलं होतं म्हणून सविस्तर लिहिते. फेब्रुवारीतली अमावस्या गाठून गेलो, मोठ्यांचे ७०० आणि मुलांचे ४००, त्यात पिठलं-भाकरी, ठेचा, मध्यरात्री चहा. वायव्येला नागपूरचा उजेड दिसतो पण डोक्यावर आणि दक्षिणेकडे आकाश काळंभोर. पैसे वसूल आहेत.

८ इंची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) आहे आणि जे भाऊ दाखवतात त्यांचा हात बसलेला आहे, रांगेत कुणाला घाई करत नाहीत, पोट्ट्यांनी शंभर प्रश्न विचारले तरी वैतागत नाहीत. मृगातला तेजोमेघ, कृत्तिका वगैरे छान दिसलंच, पण माझ्यासाठी अख्ख्या रात्रीतली सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे मिथुन राशीतला एनजीसी २३९२ (एनजीसी म्हणजे तेजोमेघ, दीर्घिका वगैरेंची यादी, हा त्यातला नंबर). विल्यम हर्शलनं १७८७ मध्ये शोधलेला, आपल्या सूर्यासारखा एक तारा मरताना बाहेरचे थर फेकून देतोय त्याचा हा मेघ. आणि गंमत म्हणजे तो आपल्या नागपूरच्या जवळजवळ बरोब्बर डोक्यावरून जातो, त्याची क्रांती, म्हणजे आकाशातला अक्षांश, साधारण २१ अंश आणि आपला अक्षांशही तेवढाच, फेब्रुवारीत रात्री दहाच्या सुमारास मान पूर्ण मागे टाकली की तिथेच. डॉब्सोनियन नेमकी सरळ वर धरायला सगळ्यात कठीण, तरी भाऊंनी तो शोधून दिला. निळसर-हिरवट छोटासा गोल, मधोमध ताऱ्याचा ठिपका. मी परत रांगेत लागून दुसऱ्यांदा पाहिला.

आता जे खटकलं ते. भाऊंनी त्याची ओळख 'एस्किमो नेब्युला' अशी करून दिली, हातात दिलेल्या कार्डावरही तेच, सोबत फरची टोपी घातलेल्या चेहऱ्याचं चित्र. मध्यरात्रीनंतर कन्या राशी वर आल्यावर एनजीसी ४५६७ आणि ४५६८ दाखवल्या, सुमारे ६ कोटी प्रकाशवर्षांवरच्या एकमेकींना भिडलेल्या दोन दीर्घिका, आयपीसमधे, म्हणजे डोळा लावतो त्या भिंगात, फक्त पुसट धूसर डाग दिसतो पण तो तिथे आहे हे कळल्यावर अंगावर काटा येतो. त्यांना 'सयामी जुळे' म्हणून झालं आणि दोन मुलांना अंगाला अंग चिकटवून उभं करून नक्कलही करून दाखवली. सगळे हसले. मला नाही हसू आलं.

नासानं ऑगस्ट २०२० मध्येच जाहीर केलं की ही दोन्ही टोपणनावं आम्ही वापरणार नाही. एस्किमो हे नाव उत्तर ध्रुवाकडच्या आदिवासी लोकांवर बाहेरच्यांनी लादलेलं, त्यातले बरेच जण स्वतःला इनुइट म्हणवतात. आणि सयामी जुळे हे नाव ज्यांच्यावरून पडलं ते चँग आणि एंग, अंगाला अंग जोडलेले भाऊ, १८११ मध्ये सयाममधे म्हणजे आताच्या थायलंडमधे जन्मले, त्यांना गावोगाव नेऊन तिकीट लावून लोकांना दाखवलं गेलं.

नंतर चहा घेताना मी भाऊंशी बोलले. ते म्हणाले, "ताई, नंबर पोरांच्या लक्षात राहत नाही, आणि आकाशातल्या ढगाला कशाचा अपमान?" पहिली गोष्ट मला पटते, टोपणनावामुळेच पोरं दुर्बिणीकडे येतात. पण त्या दोन दीर्घिकांना बटरफ्लाय गॅलेक्सीज पण म्हणतात, फुलपाखरू म्हणा ना, दिसतातही पंखांसारख्या. दुसरी गोष्ट अजिबात पटली नाही. ढगाला काही होत नाही हो, ज्यांचं नाव उचलून आपण हसतो ती माणसं जिवंत आहेत. माझ्या आजोळी वस्तीचं नाव जातीवरून होतं, पत्रावर तेच, शाळेच्या दाखल्यावर तेच, आणि आई अजूनही पत्ता सांगताना वस्तीचं नाव गिळते. त्याच २०२० च्या डिसेंबरात राज्य सरकारनं वस्त्यांची जातीवाचक नावं काढून समता नगर, क्रांती नगर अशी नावं द्यायचा निर्णय घेतला तेव्हा पण लोक म्हणालेच होते की पाटी बदलून काय होतं. जिला पत्ता सांगावा लागतो तिला विचारा काय होतं.

आणि नाव बदलल्यानं गोंधळ होतो हेही खरं नाही. नासाचं न्यू होरायझन्स यान १ जानेवारी २०१९ ला प्लूटोपलीकडच्या ज्या दूरच्या गोळ्याजवळून गेलं त्याला आधी अल्टिमा थुले म्हणायचे, त्या नावाचा नाझींशी संबंध निघाल्यावर त्याच वर्षी नोव्हेंबरात ॲरोकोथ झालं, आता सगळे तेच म्हणतात.

भाऊंनी ऐकून घेतलं, कार्ड छापून पडलेत म्हणाले. तोपर्यंत पेनानं खोडून नंबर लिहा, एवढंच मागणं आहे. त्यासाठी एक स्टार कमी, म्हणून चार. जाणार असाल तर जाड स्वेटर आणि मुलांसाठी कानटोपी न्या, शेतात पहाटेपर्यंत चांगलंच गारठतं, आणि २३९२ दहाच्या थोडं आधीच मागा, अगदी डोक्यावर आला की दुर्बीण वळवायला त्रास होतो.