वजनकाटा की भिंग? टाकसाळीतून बाहेर पडल्यावर छेडछाड केलेलं नाणं ओळखायला

दोन्ही घ्या म्हणणारे भरपूर आहेत, पण आधी एकच घ्यायचं तर मी भिंग म्हणेन, दहापट वालं.

काट्याचं काम झटपट. अमेरिकेचा १९४३ चा सेंट घ्या, त्या वर्षी ते स्टीलचे काढले होते, वजन २.७ ग्रॅमच्या आसपास, आणि चुकून तांब्याच्या चकतीवर छापले गेलेले मोजकेच, ते ३.११ ग्रॅमचे. कोणी स्टीलवर तांब्याचा मुलामा मारला असेल तर काटा लगेच चुगली करतो (लोहचुंबक तर त्याहून स्वस्त!). ॲसिडमध्ये बुडवलेलं, घासून पातळ केलेलं नाणंही वजनात हलकंच भरतं.

पण तांब्याच्या १९४८ च्या सेंटवरचा ८ तासून ३ केला आणि तो १९४३ चा म्हणून खपवला असेल तर? धातू खराच, वजन जवळपास तेवढंच, काटा गप्प. भिंगाखाली मात्र त्या ३ च्या डाव्या बाजूला खरवडलेलं दिसतं आणि आकड्याचं वळणही त्या सालच्या ३ सारखं नसतं. दुसरं नाणं दाबून उमटवलेली अक्षरंपण तशीच, उलटी आणि आत खचलेली, वजनात काही फरक नाही.

दोन छापे वाल्या (दोन्ही बाजूंना छापाच असलेल्या) नाण्याला कडेच्या आतून सांधा शोधायचा.