डिश उतरवल्यावर फुटबॉल: जळगाव-धुळ्याकडच्या घरात काय चालतं, काय अडतं

फुटबॉलसाठी डिशचं रिचार्ज चालू ठेवायची गरज आता उरलेली नाही. युरोपातल्या ज्या स्पर्धा आपल्याकडे आवडीनं पाहिल्या जातात, त्यांतल्या मोठ्या स्पर्धा ॲपवर अधिकृतपणे आणि चांगल्या चित्रासह दिसतात. फक्त सगळं एका ॲपवर नाही. आणि खान्देशात मॅच अडकते ती ॲपमुळे कमी, लाईटमुळे आणि घरात आलेल्या वायरीमुळे जास्त. म्हणून इथे ॲपबद्दल थोडं आणि वायरीबद्दल बरंच लिहिलं आहे.

आधी ॲप. प्रीमियर लीग जिओहॉटस्टारवर, चॅम्पियन्स लीग आणि युरोपा लीग सोनी लिव्हवर, ला लीगा २०२५-२६ च्या हंगामापासून फॅनकोडवर. फक्त प्रीमियर लीग पाहणाऱ्याचं एका ॲपवर भागतं. आर्सेनल, लिव्हरपूल, रिअल माद्रिद किंवा बार्सिलोनाच्या सगळ्या मॅच पाहणाऱ्याला मात्र दोन लागतात, कारण लीग एकीकडे आणि युरोपातल्या मॅच दुसरीकडे. तिन्ही एकदम घेणं म्हणजे डिशच्या खर्चाला मागच्या दारानं घरात घेणं.

जिओहॉटस्टार २०२५ च्या फेब्रुवारीत सुरू झालं, तेव्हा तीन पायऱ्या होत्या: तीन महिन्यांना १४९ रुपयांत फक्त मोबाइल, २९९ मध्ये टीव्हीसकट दोन स्क्रीन, ४९९ मध्ये चार स्क्रीन. दर बदलतात, ॲपमध्ये आज दिसतो तोच आकडा खरा. पण पहिल्या पायरीची गोम लक्षात ठेवावी: ती मोबाइलपुरतीच असते. रिचार्जसोबत ‘फुकट’ मिळणारं सबस्क्रिप्शनही बहुतेकदा याच जातीचं. टीव्हीवर लॉगिन होतं, मॅचचं पोस्टर दिसतं, दाबलं की प्लॅन वाढवा म्हणतं. हे किक-ऑफच्या वेळी कळण्यापेक्षा संध्याकाळी सहाला कळलेलं बरं. ओटीपीचंही तसंच, ऐनवेळी एसएमएस यायला पाच-सात मिनिटं लागली की पहिला कॉर्नर गेला.

चॅम्पियन्स लीगसाठी वर्षाचा प्लॅन डोळे झाकून घेऊ नये. साखळी फेरी सप्टेंबर ते जानेवारी, पण डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यानंतरपर्यंत त्यात एकही मॅच नसते. त्यानंतरची बाद फेरी फेब्रुवारीपासून मेअखेर-जूनच्या सुरुवातीपर्यंत. ज्याला फक्त शेवटचे टप्पे पाहायचे त्यानं महिन्याचा प्लॅन घ्यावा आणि यूपीआयचा ऑटोपे त्याच दिवशी बंद करून टाकावा. ऑटोपे बंद केला तरी भरलेला महिना पूर्ण मिळतो. फॅनकोडवर एकेका स्पर्धेचा वेगळा पास घेता येतो. जो फक्त ला लीगा पाहतो त्याला हे बरं पडतं.

प्रीमियर लीगबाबत आपण इंग्लंडच्या लोकांपेक्षा सुखी आहोत. तिकडे शनिवारी दुपारी तीनच्या मॅच टीव्हीवर दाखवता येत नाहीत, प्रेक्षकांनी मैदानावर यावं म्हणून. आपल्याकडे त्याच मॅच शनिवारी रात्री जेवणाच्या वेळेला येतात: हिवाळ्यात साडेआठला, उन्हाळ्यात साडेसातला. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं तासभर मागे जातात आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे येतात, म्हणून हा फरक. चॅम्पियन्स लीगच्या नेहमीच्या वेळा हिवाळ्यात रात्री सव्वाअकरा आणि दीड, एरवी सव्वादहा आणि साडेबारा.

मराठी कॉमेंट्रीची आशा सध्या धरू नये. २०२२ च्या विश्वचषकात जिओसिनेमावर हिंदी, इंग्रजी, तमिळ, मल्याळम आणि बंगाली होती, मराठी नव्हती. आयपीएलला मराठी मिळते, फुटबॉलला मिळत नाही.

आता डेटा. १०८० च्या, म्हणजे फुल एचडी चित्राला साधारण ५ एमबीपीएस धरले, तर तासाला सव्वादोन जीबी जातात. मध्यंतर आणि वाढीव वेळ धरून मॅच दोन तासांची, म्हणजे साडेचार जीबी. ७२० वर पावणेतीन जीबीच्या आसपास, ४८० वर एक-सव्वा. रोज दीड-दोन जीबीच्या रिचार्जवर मोबाइलनं मॅच पाहायची तर ४८० शिवाय गत्यंतर नाही. क्वालिटी ‘ऑटो’वर ठेवली तर ॲप आपल्या मनानं वर चढतं आणि साठाव्या मिनिटाला कोटा संपवतं. मग वेग ६४ केबीपीएसवर येतो. पडद्यावर गोल फिरत राहतो आणि मैदानावरचा गोल हुकतो.

इथे वेळापत्रकाचा एक फायदा घेता येतो. रोजचा कोटा रात्री बाराला नव्यानं भरतो. सव्वाअकराच्या मॅचचा पहिला हाफ जवळपास बाराला संपतो. तो आजच्या उरलेल्या डेटात बसवायचा, दुसरा उद्याच्या. दीडची मॅच मात्र पूर्ण उद्याच्याच खात्यात जाते, मग सकाळी व्हॉट्सॲप उघडलं की डेटा संपल्याचा मेसेज. ५जी असलेल्या भागात, दिवसाला दोन जीबी किंवा त्याहून मोठ्या रिचार्जवर ५जी अमर्याद मिळतं, तिथे हा हिशेबच लागत नाही. यावल, चोपडा, शहाद्याकडच्या सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत मात्र आधी टॉवर बघावा. तिथे रात्री आठ ते अकरा सगळं गाव रील बघत असतं. त्यामुळे गंमत अशी, की नऊच्या मॅचपेक्षा दीडची मॅच फोनवर सुरळीत चालते. तेव्हा टॉवरवर आपल्याशिवाय फारसं कोणी नसतं.

घरी ब्रॉडबँड असेल तर डेटाची चिंता मिटते. ३० एमबीपीएसच्या साध्या फायबर प्लॅनला बऱ्याचदा महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते, त्यात सातशेच्या वर मॅच बसतात. वेगही पुरून उरतो. घरातले बाकीचे फोन धरूनही १०८० साठी १५ एमबीपीएस सलग मिळाले की बास. स्पीड टेस्ट दुपारी न करता रात्री नऊला करावी, आणि एकदा नव्हे, दहा मिनिटांत चार वेळा. आकडा २५, २८, ३, २७ असा उड्या मारत असेल तर मॅच त्या ३ वरच अडकणार.

पण ब्रॉडबँड म्हणजे नेमकं काय घरात आलंय, हे आधी वायर हातात धरून बघावं. राउटरमध्ये शिरणारी वायर बारीक आणि तिच्या टोकाला हिरवा किंवा निळा चौकोनी कनेक्टर असेल, तर फायबर थेट घरापर्यंत आलंय. राउटरच्या मागे जाड, आठ तारांची, लँडलाइनच्या टोकाची मोठी बहीण शोभेल अशी पिन असेल, तर फायबर खांबावरच्या डब्यापर्यंतच आहे आणि तिथून पुढे लॅन केबल ओढलेली आहे. स्वस्तातल्या बऱ्याच जोडण्या अशा असतात. दिवसा दोन्ही सारख्याच चालतात. फरक लाईट गेल्यावर कळतो. थेट फायबरच्या मधल्या स्प्लिटरला (एका वायरीतला प्रकाश अनेक घरांत वाटणाऱ्या डबीला) वीज लागत नाही, तो काचेचा मामला आहे. ऑपरेटरच्या ऑफिसात बॅकअप असेल तर गल्लीत अंधार असूनही सिग्नल येत राहतो. लॅनवाल्या डब्यातल्या स्विचला मात्र वीज लागते. त्या डब्याला बॅटरी नसली, की तुमच्या घरात इन्व्हर्टर असूनही नेट मेलेलं. कनेक्शन घेताना वेग आणि भाव सगळेच विचारतात. ‘लाईट गेल्यावर डबा किती वेळ चालतो?’ हे विचारावं.

थेट फायबर असेल तर राउटरसाठी मिनी यूपीएस घ्यावा. बाजारात हजार-दीड हजारात मिळतो. घेताना डब्यावरच्या चकचकीत आकड्यांपेक्षा आपल्या राउटरच्या अडॅप्टरवरचं बारीक अक्षर वाचायचं. तिथे बहुधा ‘१२ व्होल्ट, १ अँपिअर’ किंवा दीड-दोन अँपिअर लिहिलेलं असतं. व्होल्ट तंतोतंत जुळलाच पाहिजे, अँपिअर यूपीएसचा जास्त असला तर चालतो. ९ व्होल्टच्या राउटरला १२ ची पिन लावली तर तो जळू शकतो. बॅटरी किती चालेल हे घरीच काढता येतं. ८८०० एमएएच लिहिलं असेल तर ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचं असतं, म्हणजे ३२ वॅट-तास. व्होल्ट वाढवताना थोडी वीज वाया जाते, हाती २६-२७ उरतात. राउटर ९-१० वॅट खात असेल तर अडीच तासांच्या पुढे. मॅच, मध्यंतर, जादा वेळ, पेनल्टी, सगळं त्यात बसतं. दोन राउटर एकाच यूपीएसवर लावले तर पेनल्टीच्या आधीच राम म्हणेल.

घरात इन्व्हर्टर असेल तरी एक भानगड असते. इन्व्हर्टरवर साधा आणि यूपीएस असे दोन मोड देणारं बटण असतं. साध्या मोडवर लाईट गेल्या क्षणी जो बारीक झटका बसतो त्यात पंखा फिरत राहतो, पण राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो. फायबरची लाइन परत पकडायला त्याला दोन-तीन मिनिटं लागतात. यूपीएस मोडवर ठेवलं की बहुतेकदा हे टळतं. राउटरवरचा ‘एलओएस’चा दिवा लाल झाला तर राउटर बंद-चालू करण्यात अर्थ नाही. प्रकाशच येत नाहीये, वायर कुठेतरी तुटली किंवा दुमडली आहे. मे महिन्यातल्या वादळात रावेर-सावद्याकडे केळी जशा आडव्या होतात तशाच खांबावरच्या वायरीही होतात, आणि चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना नेमका मेच्या शेवटी नाहीतर जूनच्या सुरुवातीला असतो. २०२६ पासून तो संध्याकाळी सहाला ठेवलाय, म्हणजे आपल्याकडे साडेबाराऐवजी साडेनऊला. झोपेचं भलं झालं, पण वादळाच्या वेळेशी गाठ पडली. त्या रात्रीसाठी मोबाइलमध्ये चार-पाच जीबीचं डेटा व्हाउचर राखून ठेवावं.

टीव्ही जुना असेल तर फायर टीव्ही स्टिक (साध्या टीव्हीवर ॲप चालवणारी कांडी) हा सरळ मार्ग. ती टीव्हीच्या एचडीएमआयमध्ये लागते आणि वीज वेगळी घेते. इथे सर्रास होणारी चूक म्हणजे सोबतचा अडॅप्टर पिशवीत ठेवून स्टिक टीव्हीच्याच यूएसबीला जोडणं. जुन्या टीव्हीचा यूएसबी अर्धा अँपिअर देतो, स्टिकला एक लागतो. मेन्यू चालतो, लाइव्ह मॅच सुरू झाली की स्टिक आपोआप रीस्टार्ट होते आणि दोष नेटला जातो. दुसरा शत्रू उन्हाळा. भुसावळला मे महिन्यात रात्री दहालाही भिंत तापलेली असते, आणि टीव्ही व भिंतीमधल्या दोन बोटांच्या फटीत स्टिक भाजते. तापली की चित्र अडखळतं. डब्यात एचडीएमआयची छोटी एक्स्टेंशन वायर येते ती वापरून स्टिक बाजूला लोंबकळत ठेवावी. दिसायला बरं नाही, पण चालतं.

जळगावच्या गोलाणी मार्केटसारख्या ठिकाणी दोन-अडीच हजारांत बिननावाचे अँड्रॉइड बॉक्स मिळतात. त्यांतल्या बऱ्याच बॉक्सना ॲपवाल्यांच्या कॉपी-संरक्षणाची वरची परवानगी नसते. डब्यावर ‘४के’ लिहिलेलं असतं, मॅच ४८० वर दिसते, आणि सेटिंग कितीही खणली तरी वर जात नाही. मोबाइलचा स्क्रीन टीव्हीवर मिरर केला तर याच कारणानं आवाज येतो आणि चित्र काळं. त्यासाठी ॲपमधलं कास्टचं बटण वापरायचं असतं.

धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरात आणखी एक गोष्ट. राउटर ओसरीवर, टीव्ही मधल्या खोलीत, आणि मधे दीड-दोन फुटांची मातीची भिंत. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय त्या भिंतीपुढे हात टेकतं. २.४ चं जातं, पण शेजाऱ्यांच्या वायफायच्या गर्दीत लंगडतं. महागडा राउटर घेण्याआधी पंधरा मीटरची तयार कॅट-६ केबल दाराच्या चौकटीवरून टीव्हीपर्यंत न्यावी. टीव्हीचा लॅन पोर्ट बहुधा १०० एमबीपीएसचाच असतो, पण मॅचला तेवढा भरपूर. फायर स्टिकला लॅन पोर्ट नसतो, तिचा अडॅप्टर वेगळा घ्यावा लागतो.

टेलिग्रामवर फिरणाऱ्या ‘फ्री लाइव्ह’ एपीकेबद्दल (प्ले स्टोअरबाहेरून टाकायच्या ॲपच्या फाइलबद्दल) एकच: मॅच बघायच्या ॲपला एसएमएस वाचायची परवानगी कशाला लागते? बँकेचा ओटीपी एसएमएसनंच येतो. बेकायदेशीर आहे ते आहेच.

शेवटचा दोष असा, की तो कुठल्याच ॲपनं सुटत नाही. स्ट्रीमिंग डिशच्या मागे असतं, वीस-चाळीस सेकंद सहज. चित्राचे काही सेकंदांचे तुकडे करून ते आधी साठवले जातात, मग दाखवले जातात, त्यात हा वेळ जातो. मधे एकदा अडकलं की आपण आणखी मागे पडतो आणि तिथेच राहतो. कोपऱ्यातलं ‘लाइव्ह’ दाबलं की पुढे येतं. स्कोअरच्या ॲपची नोटिफिकेशन बंद करता येते, व्हॉट्सॲप ग्रुप म्यूट करता येतो. पण आपला स्ट्रायकर अजून डीबाहेरच चेंडू फिरवत असताना ज्याच्या घरी अजून डिश आहे त्या गच्चीवरून ‘गोल व्हयना ना भो!’ अशी आरोळी आली, तर खिडकी लावून घेण्यापलीकडे इलाज नाही. आणि मे महिन्यात खिडकी लावून बसवत नाही.