साराभाई पुन्हा पाहिली, या वेळी सासूबाईंसोबत

२०२५च्या ऑक्टोबरमध्ये अभिनेते सतीश शहा गेले आणि जो तो फोनवर त्यांच्या इंद्रवदनचे तुकडे पाठवायला लागला. तुकड्यांनी काही भूक भागेना, म्हणून हॉटस्टारवर ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’ पहिल्या भागापासून लावली. मी बँकेतून आले की जेवणं होईपर्यंत एखादा भाग बघायचा, शेजारी सासूबाई शेंगा सोलत किंवा नुसत्याच बसलेल्या. मालिका आवडली का, एवढ्यावर हा रिव्ह्यू संपला असता. पण अशा विनोदी मालिका हसवता हसवता घरसंसाराबद्दल काही गळी उतरवतात का, हा प्रश्न आमच्याकडे रोजच निघायला लागला, तर त्याबद्दलच लिहिते.

ज्यांनी पाहिलीच नाही त्यांच्यासाठी: कफ परेडला समोरासमोर दोन फ्लॅट. एकात माया (रत्ना पाठक शहा), तिचा नवरा इंद्रवदन आणि कविता करणारा धाकटा रोसेश. दुसऱ्यात थोरला साहिल, कॉस्मेटिक सर्जन, आणि त्याची बायको मोनिशा. मोनिशा नॉयडाची. मूळ नाव मनीषा, पण ते मायाला फारच मध्यमवर्गीय वाटलं म्हणून बदललं. लेखन आतिश कपाडियाचं, दिग्दर्शन देवेन भोजानीचं; तोच यात दुष्यंत जावई होऊन घरातलं प्रत्येक यंत्र उघडून बसतो. स्टार वनवर २००४ ते २००६ चालली आणि तेव्हा तिला फारसं कुणी विचारलं नाही. शेजारच्या स्टार प्लसवर तुलसी आणि पार्वती घरं सावरत होत्या, सगळा महाराष्ट्र तिकडे.

या मालिकेतली पहिली छुपी गोष्ट हीच, की सून रडत नाही. माया तिला घालूनपाडून बोलते, तेही साग्रसंगीत. मोनिशा काहीतरी बोलून जाते, माया क्षणभर थांबते, कानात मुंगी गेल्यासारखा चेहरा करते, मग आवाज एक पट्टी खाली आणून तेच वाक्य इंग्रजी नक्षीकाम करून परत देते. हे सगळं होईपर्यंत मोनिशा सेलमध्ये एकावर एक फुकट मिळालेल्या वस्तूकडे वळलेली असते. तिला लागत नाही असं नाही, पण त्या लागण्यावर ती संसार उभा करत नाही. सोफ्यावर कपड्यांचा ढीग तसाच, डोक्यात पुढची घासाघीस. एरवी टीव्हीवर सुनेचं माप तिच्या सोसण्यात धरतात. इथे ते मापच कुणी बाहेर काढलेलं नाही.

दुसरी गोष्ट सासऱ्याची. आपल्या मालिकांतला सासरा म्हणजे पेपरामागचं डोकं, किंवा फारच झालं तर शेवटच्या भागात डोळे पुसणारा. इंद्रवदन उठून सुनेच्या घरात जातो, तिला काडी लावतो, बायकोविरुद्ध कट करतो, पकडला गेला की सुनेवर ढकलून मोकळा होतो. सतीश शहांचा चेहरा बघा अशा वेळी: गाल शांत, डोळ्यांत लबाडी. ‘ये जो है ज़िंदगी’मध्ये १९८४ साली हाच माणूस दर भागात निराळं सोंग घेऊन यायचा, इथे एकाच सोंगात तेवढी माणसं भरलीत. सासरा आणि सून हे मित्र असू शकतात, हे एकदाही न बोलता या मालिकेने दाखवलं, आणि मला वाटतं तिचं सगळ्यात मोठं काम हेच.

आता सासूबाई. मायाचं निम्मं इंग्रजी त्यांच्या डोक्यावरून जातं, पण साड्या आणि उभं राहण्याची ढब यांवर त्या खूश. एका भागात पाहुणे, खाणं, मायाचं भाषण सगळं रंगलेलं असताना त्यांनी मध्येच विचारलं, “अगं, हिच्याकडे एवढी भांडी घासतं कोण?”

“असेल कुणीतरी, आई. पैसेवाले आहेत.”

“मग भांडायला वेळ मिळणारच.”

तेव्हापासून मला ते दोन फ्लॅट सारखे डोळ्यांत यायला लागले. ही मालिका म्हणते की सासू-सुनेचं पटवायला कुणी कुणाला सुधारायची गरज नाही, टोमणे चालू ठेवूनही माणसं एकमेकांची राहतात. खरंय. पण ते जमतं कशामुळे? माया बोलून झालं की स्वतःच्या दारात शिरते, मोनिशा तिच्या. मधला पॅसेज काही पावलांचा, त्याची किंमत मात्र कफ परेडची. डोंबिवलीत आमच्या वन बीएचकेमध्ये टोमणा मारणारी आणि खाणारी, दोघींना त्याच ओट्याशी चहा करायचा असतो. (आमच्याकडचे साहिल अशा वेळी फोन घेऊन बाल्कनीत जातात.)

‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ आठवते? २००१ साली अल्फा मराठीवर आलेली, केदार शिंदेची, दिलीप प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’वरून. आबा, शेखर, श्यामला, शिऱ्या, शलाका, तीन पिढ्या एका घरात. तिथे रुसून बसायला समोरचा फ्लॅट नाही, म्हणून सगळे आवाज मुळातच खालच्या पट्टीत. लोक म्हणतात टिपरे प्रेमळ आणि साराभाई तिरकस. माझं म्हणणं, जागेचा फरक जास्त आहे. पाच जणांत घर शांत ठेवायचं तर कुणीतरी बरंच गिळावं लागतं, आणि ते श्यामला गिळते. शुभांगी गोखलेंनी इतकं सहज केलंय की ते गिळणं आपल्याला स्वभाव वाटतं. माझ्या लेखी टिपऱ्यांचा छुपा संदेश तो, आणि मला तो मायाच्या टोमण्यांपेक्षा जड वाटतो. त्याआधीच्या ‘तू तू मैं मैं’मध्ये रीमा आणि सुप्रिया निदान समोरासमोर उभ्या राहून वाजवायच्या, मनात काही ठेवायच्या नाहीत.

साराभाई काढणाऱ्या जे. डी. मजेठिया आणि आतिश कपाडिया यांनीच २०२१ साली सब टीव्हीवर नवी ‘वागले की दुनिया’ आणली. तिच्यातला राजेश वागले म्हणजे आपला साहिल, सुमीत राघवनच. मराठी घर, अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर जुन्या वागल्यांतून आलेले, सगळं जमलेलं. पण तिथला उपदेश नाकासमोर. विषय निघतो, चूक होते, सगळे बसतात, कळतं. सासूबाईंना आवडते. मला शाळेत बसवल्यासारखं वाटतं. साराभाईत कुणाला काही कळत नाही. माया पहिल्या भागात जशी, शेवटी तशीच. घरातली माणसं कुठे बदलतात?

मोनिशाचं पुढे काय झालं? तिचं काम करणारी रूपाली गांगुली २०२०पासून स्टार प्लसवर ‘अनुपमा’ झाली. ज्या बंगाली मालिकेवरून ती बेतली, तिच्यावरूनच आपली ‘आई कुठे काय करते’ बेतलेली. सासूबाईंनी ती नेमाने पाहिलीय, म्हणून मी त्यांना सांगितलं की हिंदीतली अरुंधती म्हणजे ही पसारेवाली. त्यांनी पडद्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, “हिला आधी कळलं नव्हतं वाटतं.” मला उलटं वाटतं. जी सून कपड्यांच्या घड्या घालत नव्हती तिला टीआरपी मिळाला नाही. घरासाठी झिजणाऱ्या बाईला वर्षानुवर्षं पहिला नंबर मिळाला. मालिका लोकांना शिकवतात असं आपण म्हणत बसतो. इथे तर लोकांनीच रूपाली गांगुलीला सांगितलेलं दिसतं, आम्हाला तू कशी हवीस ते.

खटकलेलं एकच, पण ते बरंच खटकलं. रोसेश. राजेश कुमारने भूमिका कमाल केलीय. तो गळ्यातून काढलेला आवाज, कवितेआधीचा तो गंभीर चेहरा, मी आजही लोटपोट होते. पण बाप त्याची टर कशावरून उडवतो ते बघा. कविता भिकार आहे यावरून उडवतो तोवर ठीक. पण बहुतेक वेळा मुद्दा असतो तो पुरेसा पुरुष नाही, आईच्या पदराला धरून असतो, बायकी आहे, हा. मायाने मोनिशाला मध्यमवर्गीय म्हटलं की मालिका मायालाही हसते. इंद्रवदनने रोसेशला बायल्या ठरवलं की मालिका निव्वळ इंद्रवदनच्या बाजूने हसते. बाकी घरात प्रत्येकाला उलट टोला मारायची मुभा आहे, रोसेशला “मॉम्मा” म्हणण्यापलीकडे काही दिलेलं नाही. लेखकांना हे जाणवलं असेल असं मला वाटत नाही, आणि म्हणून ते जास्त आत जातं. माझा भाचा नाटकात काम करतो, आवाज बारीक आहे, कॉलेजात त्याला रोसेश म्हणतात. म्हणणाऱ्या पोरांपैकी काहींचा जन्मसुद्धा २००४चा नाही.

तरी बघाच. एकेक भाग विसेक मिनिटांचा, मधूनच कुठूनही सुरू केला तरी चालतो. कमी ऐकू येणारे मधुसूदन फुवा आले की तो भाग सोडू नका. २०१७ची वेबवरची दुसरी फेरी मात्र वगळा, त्यात सगळे आपापलीच नक्कल करतात. सासूबाईंचे पाचपैकी तीन, मायाच्या साड्यांचे धरून. माझे चार. कापलेला एक रोसेशचा.