हॉलीहॉक: बी थेट वाफ्यात की आधी पिशवीत?
हॉलीहॉक या फुलझाडाचे बी थेट वाफ्यात टोचावे की आधी पिशवीत रोप करावे, हा प्रश्न जळगाव-धुळ्याकडे पावसाळा सरताना पडतो. या झाडाचे सोटमूळ लवकर खोल जाते आणि त्याला जागा बदललेली मानवत नाही, म्हणून थेट पेरलेले झाड अधिक भक्कम होते. मात्र आपल्या काळ्या जमिनीत परतीच्या पावसाचे पाणी साचले, तर बी कुजते. पिशवीत हा धोका टळतो, पण मुळे गुंडाळण्याआधीच मातीच्या गोळ्यासकट रोप लावावे लागते; उथळ ट्रे तर नकोच. कपाशीच्याच कुळातले झाड असल्याने मावा ही कीड दोन्ही पद्धतींत येऊ शकते. निचरा चांगला असेल, तर मी थेट पेरणीच निवडेन, कारण रोप हलवल्याने वाढ खुंटली की फुलोरा उशिरा येतो आणि खानदेशच्या उन्हात सापडतो.