इमेज पिकर आणि इमेज क्रॉपर: खुशाल वापरा, पण फोटो आधी लहान करू नका

फ्लटरच्या (गूगलचं मोबाइल अ‍ॅप बनवायचं साधन) अ‍ॅपमध्ये प्रोफाइल फोटो हवा होता, म्हणजे गॅलरीतून किंवा कॅमेऱ्याने घ्यायचा, चौकोनी कापायचा आणि सर्व्हरवर टाकायचा. त्यासाठी इमेज पिकर (फोटो घेणारं) आणि इमेज क्रॉपर (फोटो कापणारं) ही दोन पॅकेजेस, म्हणजे तयार कोडचे संच, लावली आणि मी खूश आहे, पुढच्या अ‍ॅपलाही हीच लावणार.

पिकर फ्लटर टीमचंच आहे. सोर्स (गॅलरी की कॅमेरा) सांगायचा, फाइल मिळते, युजरने बॅक दाबलं तर नल, म्हणजे रिकामं उत्तर, येतं, तेवढं चेक करायचं. मला सगळ्यात जास्त काय आवडलं तर अँड्रॉइड 13 पासून सिस्टिमचाच फोटो पिकर उघडतो, त्यामुळे गॅलरीची परमिशन मागायची गरजच नाही, युजरने निवडला तेवढाच फोटो आपल्याला मिळतो, बाकीचे त्याचे खाजगी फोटो आपल्यापर्यंत येतच नाहीत. असंच असायला हवं. आयफोनसाठी मात्र कॅमेरा कशाला हवाय ते इन्फो पीलिस्ट या सेटिंग फाइलमध्ये लिहा, नाहीतर कॅमेरा उघडायला गेलं की अ‍ॅप क्रॅश.

क्रॉपर आतून अँड्रॉइडवर यूक्रॉप आणि आयओएसवर टीओक्रॉपव्ह्यूकंट्रोलर या क्रॉपिंगच्या लायब्ररी वापरतं, म्हणून झूम, रोटेट सगळं एकदम स्मूथ. यूक्रॉपची अ‍ॅक्टिव्हिटी (म्हणजे क्रॉपची स्क्रीन) मॅनिफेस्टमध्ये, अँड्रॉइडच्या सेटिंग फाइलमध्ये, आपल्यालाच टाकावी लागते. मी ती टाकायची विसरलो, फोटो निवडला रे निवडला की अ‍ॅप बंद, आणि अर्धा दिवस मी पिकरच्या कोडमध्येच चूक शोधत होतो.

आता मुद्द्याचं. पिकरमध्ये मॅक्सविड्थ आणि इमेजक्वालिटी देता येते, आणि फाइल लहान व्हावी म्हणून सगळे तिथेच देतात, मीही दिली, विड्थ 800 पिक्सेल. मग युजरने ग्रुप फोटोतला फक्त स्वतःचा चेहरा कापला तर हातात 150 पिक्सेलचा तुकडा येतो, तो मोठा करून दाखवला की पार धुरकट. शिवाय पिकरने एकदा जेपेग दाबला (कॉम्प्रेस केला), क्रॉपरने परत दाबला, म्हणजे क्वालिटी दोनदा गेली. म्हणून पिकरमधून फोटो आहे तसा घ्या आणि साइज, कॉम्प्रेशन सगळं क्रॉपरमध्ये द्या, तिथेही मॅक्सविड्थ, मॅक्सहाइट आहेच, कॉम्प्रेस क्वालिटी न सांगता 90 असते. एवढं एक बदललं आणि चेहरे स्वच्छ दिसायला लागले.

गोल क्रॉपचं पण सांगतो, अँड्रॉइडवर गोल फक्त स्क्रीनवर दिसतो, फाइल चौकोनीच येते, गोल दाखवायचं काम आपल्या विजेटचं (फ्लटरमधला स्क्रीनवरचा घटक).

अजून एक, आणि हे प्लीज टाळू नका. कॅमेरा उघडा असताना मेमरी कमी पडली तर अँड्रॉइड मागे आपली अ‍ॅक्टिव्हिटी मारून टाकतो, युजर फोटो काढून परत येतो तर फोटो गायब! त्यासाठी पिकरमध्ये रिट्रीव्हलॉस्टडेटा आहे, क्रॉपरमध्ये रिकव्हरइमेज, अ‍ॅप सुरू होतानाच दोन्ही बघायचे. टेस्ट करायला डेव्हलपर ऑप्शन्समध्ये अ‍ॅक्टिव्हिटीज न ठेवण्याचं बटण चालू करा आणि एक फोटो काढून बघा, आपल्या भारी फोनवर जे कधीच होत नाही ते लगेच होतं. कमी रॅमच्या फोनवाल्या युजरला हे रोज झेलावं लागतं आणि तो तक्रार न करता अ‍ॅप काढून टाकतो.