निक्सी नळ्यांची दुरुस्ती : बेळगावच्या खडे बाजारालगतच्या एका दुकानाचा अनुभव

उद्यमबागेतील एका बंद पडलेल्या कारखान्याचे सामान विक्रीला निघाले, तेव्हा मी तेथून सहा आकडी जुना फ्रीक्वेन्सी काउंटर (विद्युत संकेताची वारंवारता मोजणारे यंत्र) विकत आणला. त्याच्या दर्शनी भागात निक्सी नळ्या आहेत. अशा नळीत शून्य ते नऊ हे दहा आकडे पातळ धातूचे घडवून एकामागे एक उभे केलेले असतात आणि ज्या आकड्यातून प्रवाह जातो, त्याच्याभोवतीचा निऑन वायू नारिंगी उजळतो. अमेरिकेतील बरोज कंपनीने 1955 मध्ये ही नळी बाजारात आणली. पुढे एलईडी आल्यावर ती मागे पडली. माझ्या काउंटरमध्ये तीन आकडे अर्धवट पेटत होते, एका जागी कायम दोन आकडे एकमेकांत मिसळून दिसत आणि डावीकडच्या पहिल्या नळीत 8 व 9 यांचे खालचे भाग काळेच राहत. दोन ठिकाणी मला नळ्या निकामी झाल्याचे सांगून त्या काढून एलईडी बसवण्याचा सल्ला मिळाला. खडे बाजारालगतच्या गल्लीतील या लहानशा दुकानात मात्र सल्ल्याआधी मल्टीमीटर बाहेर आला, आणि हा अभिप्राय लिहिण्याचे मुख्य कारण तेच आहे.

पाटी कन्नडमध्ये, आत बोलणे मराठीत, आणि गिऱ्हाइकाला बसायला एकच स्टूल. दुरुस्ती करणाऱ्या काकांनी झाकण उघडल्यावर प्रथम शंभर किलोओहमचा रेझिस्टर कपॅसिटरच्या दोन टोकांना लावून अर्धा मिनिट धरला, कारण यंत्र बंद असले तरी तेथे जीवघेणा विद्युतदाब साठून राहू शकतो. मग त्यांनी एका जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलीने सहा रकाने आखले आणि प्रत्येक नळीच्या अॅनोडचा, म्हणजे धन टोकाचा, दाब लिहून ठेवला. नळ्या काढल्या की पुरवठा 178 व्होल्ट दाखवी. त्या पेटल्या की तोच 150 वर येई. साधारण निक्सी नळी पेटायला सुमारे 170 व्होल्ट लागतात आणि पेटल्यानंतर तिच्यावर सुमारे 140 व्होल्ट राहतात, म्हणजे अॅनोडला जोडलेल्या, प्रवाह मर्यादित ठेवणाऱ्या रेझिस्टरच्या वाट्याला जेमतेम दहा व्होल्ट उरत होते. “नळी मेलेली नाही हो, तिला पोटभर मिळतच नाही,” असे ते म्हणाले. पुरवठ्यातील चढउतार गाळणारा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आतून वाळला होता. तो बदलून 47 मायक्रोफॅरड, 350 व्होल्टचा नवा लावला आणि तीनपैकी दोन आकडे पूर्ण उजळले.

तिसऱ्याचा दोष अॅनोडच्या रेझिस्टरमध्ये निघाला. त्यावरचे पट्टे 15 किलोओहम सांगत होते, मोजल्यावर तो 27 भरला. जुने कार्बनचे रेझिस्टर वर्षानुवर्षे तापून असे वाढतात. सुमारे 180 व्होल्टमधून 140 वजा केले तर उरलेल्या 40 व्होल्टना 15 किलोओहमातून अडीच मिलिअँपिअरपेक्षा थोडा जास्त प्रवाह मिळतो, 27 मधून दीडच. एवढ्या प्रवाहात आकड्याची एखादी कड उजळते आणि बाकीचा भाग काळा राहतो. हे गणित त्यांनी त्याच पत्रिकेवर मला करून दाखवले. आपल्या पैशांचे काय झाले हे गिऱ्हाइकाला समजावे, अशी इच्छा असलेला कारागीर आता क्वचित भेटतो.

दोन आकडे मिसळण्याच्या दोषात त्यांची पद्धत मला सर्वांत आवडली. त्यांनी आधी शेजारच्या दोन नळ्यांची अदलाबदल केली. दोष जागेवरच राहिला, त्यामुळे नळी निर्दोष ठरली. नंतर त्या नळ्यांच्या 74141 या चालक आयसींची, म्हणजे कोणता आकडा पेटवायचा ते ठरवणाऱ्या चिपांची, अदलाबदल केली. दोष आयसीबरोबर शेजारी गेला. तिच्या एका आउटपुटचा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाल्यामुळे 3 हा आकडा कायम ग्राउंडशी, म्हणजे पुरवठ्याच्या ऋण टोकाशी, जोडलेला राहत होता आणि दोघांत प्रवाह वाटला जाऊन दोन्ही मंद दिसत होते. मूळ 74141 त्यांच्याकडे नव्हती. पायाला पाय जुळणारी सोव्हिएत के155आयडी1 होती, ती बसवली. एकामागून एक नळ्या बदलत बसलो असतो तर हा दोष मला कधीच सापडला नसता.

पहिल्या नळीचा प्रश्न वेगळ्या जातीचा आहे. काउंटरची डावीकडची जागा बहुतेक वेळ शून्यच दाखवते, आणि पेटलेल्या आकड्यावरून उडालेले धातूचे कण न पेटणाऱ्या आकड्यांवर साचत जातात. त्यावर उपाय म्हणून काकांनी त्या नळीला दहा किलोओहमचा रेझिस्टर लावून सुमारे चार मिलिअँपिअर प्रवाहावर 8 आणि 9 आळीपाळीने काही तास पेटते ठेवले. नळी फार तापत नाही ना, याकडे ते मधूनमधून लक्ष देत होते. 8 पूर्ण साफ झाला. 9 ची शेपटी अजून काळसर आहे आणि ती पूर्ण येईल अशी हमी त्यांनी दिली नाही, हेही मला पटले.

तक्रारी दोन आहेत. पंधरा दिवसांत देतो म्हणालेले काम पाच आठवड्यांवर गेले आणि मधल्या काळात एकदाही निरोप आला नाही. टिळकवाडीहून मला तीन हेलपाटे पडले. शिवाय बिल मिळाले नाही. मजुरी आणि सुट्या भागांसह 1,400 रुपये घेतले, ते कामाच्या मानाने कमीच आहेत, पण महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून यंत्र नेणाऱ्यांनी लेखी पावतीचे आधीच ठरवून घ्यावे. घाईचे काम असेल तर येथे जाऊ नये.

यंत्र परत आल्यापासून दीड महिना झाला असून सहाही नळ्या पहिल्या झटक्यात पेटतात. ती पत्रिका काकांनी यंत्राच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवून दिली आहे, म्हणजे पुढे कोणी ते उघडेल तेव्हा कोणत्या नळीवर किती व्होल्ट होते, हे त्याला तेथेच वाचता येईल.